एसटीत मावणारी रेल्वे

चालत्या रेल्वे-प्रतिकृतींच्या छंदात ‘लेआउट’ या शब्दाने केवळ रुळांची रचना अभिप्रेत नसते, तर रूळ, स्थानक, वस्ती, झाडे, रस्ते आणि त्या सर्वांमधून काही हेतूने फिरणारी गाडी असा एक आखीव प्रदेश अभिप्रेत असतो. आणि असा प्रदेश उभारायला मोठी खोली, भरपूर पैसा व आयुष्याची काही वर्षे लागतात, ही समजूत या छंदाच्या प्रसाराआड येणारी सर्वांत मोठी अडचण ठरली आहे. ही समजूत अगदीच निराधार नाही. युरोप-अमेरिकेत या छंदाचा जो आदर्श विसाव्या शतकात घडला, तो तळघर किंवा माळा व्यापून टाकणाऱ्या लेआउटचा होता. परंतु लेआउट जितका मोठा, तितका तो एका घरात जखडला जातो, आणि मालकाच्या ओळखीपाळखीबाहेरच्या माणसाला तो पाहायला मिळत नाही. छंदिष्टांच्या जुन्या मंडळांमधून सभासदांचे वय वाढत असल्याची आणि तरुण फिरकत नसल्याची जी तक्रार ऐकू येते, तिचे एक कारण मोबाइल आणि संगणकीय खेळांमध्ये असेलही, पण दुसरे कारण या बंद दारात आहे. त्यावर गेल्या पन्नासएक वर्षांत जो उपाय आकाराला आला, तो म्हणजे एका माणसाला उचलता येईल, पाच-दहा मिनिटांत टेबलावर मांडता येईल आणि काही आठवड्यांत पुरा होईल असा लहान, फिरता लेआउट. नांदेड जिल्ह्यातील मुखेडसारख्या रेल्वे नसलेल्या तालुक्याच्या गावात या उपायाचा विचार करणे वरवर विचित्र वाटेल; प्रत्यक्षात तो तेथेच अधिक लागू पडतो.

प्रथम प्रमाण आणि गेज या दोन संज्ञांचा उलगडा आवश्यक आहे, कारण पुढचे सारे हिशेब त्यांवर उभे आहेत. प्रतिकृती मूळ वस्तूच्या कितव्या हिश्श्याची आहे, हे प्रमाण सांगते; दोन रुळांमधील अंतर म्हणजे गेज. जर्मनीतील ग्योपिंगेन येथील मेर्कलिन या कंपनीने १८९१ साली लाइपझिगच्या जत्रेत चावीवर चालणारी आगगाडी ठरावीक गेजच्या रुळांसह मांडली, आणि एका वर्षी घेतलेल्या गाडीला पुढच्या वर्षी रूळ व डबे जोडता येतील ही सोय प्रथमच ग्राहकाला मिळाली. पुढे आकार लहान होत गेले. आज जगात सर्वाधिक प्रचलित असलेले ‘एचओ’ प्रमाण १:८७ असून त्याचे गेज १६.५ मिलिमीटर असते, तर जर्मनीच्या आर्नोल्ड कंपनीने १९६०च्या दशकाच्या आरंभी बाजारात आणलेल्या आणि जपानने पुढे आपलेसे केलेल्या ‘एन’ प्रमाणात प्रतिकृती साधारणपणे १:१६० आणि गेज ९ मिलिमीटर असते. एन प्रमाणात उभा माणूस जेमतेम एक सेंटिमीटर भरतो. फिरत्या लेआउटची शक्यता खऱ्या अर्थाने या आकारामुळेच निर्माण झाली.

महाराष्ट्रात या छंदाचे सर्वांत ठळक नाव पुण्याच्या भाऊ जोशी यांचे आहे, आणि त्यांच्या कामाचा क्रम या विषयाच्या दृष्टीने उद्बोधक आहे. कोथरूड येथील ‘जोशीज म्युझियम ऑफ मिनिएचर रेल्वे’ हे संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी लोकांसाठी खुले झाले. तेथील १:८७ प्रमाणातील नगर, उड्डाणपूल, सर्कस, धावत्या मोटारींचा महामार्ग आणि एकाच पटलावरून चालवल्या जाणाऱ्या वाफेच्या, विजेच्या व अतिवेगवान गाड्या पाहायला शाळांच्या सहली आजही येतात. मात्र या स्थिर नगराच्या आधी एक फिरता लेआउट होता. १९८०च्या दशकात जोशी यांनी सुटा करता येणारा लेआउट बांधून तो पुण्यातील गोखले हॉलमध्ये प्रदर्शनात मांडला, त्याला प्रेक्षक लाभले, आणि मग दर वेळी तो सोडवणे, वाहून नेणे आणि पुन्हा जुळवणे हे काम इतके जिकिरीचे ठरले की कायमस्वरूपी जागेचा विचार पुढे आला. १९९१च्या सुमारास सुरू झालेली ही बांधणी सहा-सात वर्षे चालली.

फिरत्या लेआउटचा हा अनुभव दोन गोष्टी सांगतो. पहिली अशी की, संग्रहालयाला जन्म देणारे कुतूहल एका तात्पुरत्या मांडणीतून जागे झाले होते. दुसरी अधिक महत्त्वाची: मोठा लेआउट सुटा करता येण्याजोगा केला म्हणून तो फिरता होत नाही. वायरींची शेकडो टोके, फळ्यांच्या सांध्यावर केसभर सरकणारे रूळ आणि प्रवासात मोडणारे दिव्यांचे खांब यांचा त्रास आकाराबरोबर अनेक पटींनी वाढतो, म्हणून फिरता लेआउट पहिल्या रेषेपासून लहानच कल्पावा लागतो. याशिवाय प्रेक्षकाच्या मनावर होणाऱ्या परिणामातही फरक आहे. हॅम्बुर्गच्या ‘मिनिआटुर वुंडरलांड’मध्ये (स्थापना २००१) पंधरा किलोमीटरांहून अधिक लांबीचे रूळ आहेत, ते पाहून माणूस थक्क होतो, घरी जातो आणि काहीही बांधत नाही. भव्यता प्रेक्षक निर्माण करते. बांधणारा निर्माण व्हायचा असेल, तर समोरच्या वस्तूकडे पाहून ‘हे तर आपल्यालाही जमेल’ असे त्याला वाटावे लागते, आणि त्यासाठी वस्तू थोडी ओबडधोबड असली तरी बिघडत नाही. उलट मदतच होते.

या जाणिवेला परदेशात निश्चित रूप देणाऱ्या काही पद्धती आहेत. अमेरिकेत १९७०च्या दशकात जिम फिट्झजेरल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘एनट्रॅक’ नावाचा संकेत ठरवला: प्रत्येकाने चार फूट लांब व दोन फूट रुंद असा एकच खंड घरी बांधावा, खंडाच्या दोन्ही टोकांना रूळ ठरलेल्या जागीच यावेत, आणि प्रदर्शनाच्या दिवशी सर्वांचे खंड जोडून एक मोठा मार्ग तयार व्हावा. खंडाच्या मधल्या भागात कोणता देखावा असावा, यावर काहीच बंधन नव्हते. हीच कल्पना ली मोनॅको-फिट्झजेरल्ड यांनी जपानी छंदिष्टांचे टेबलावरचे खंड पाहून ‘टी-ट्रॅक’ या रूपात इतरत्र नेली. टी-ट्रॅकचा एकेरी खंड ३०८ मिलिमीटर लांब असतो आणि त्यावरचा रूळ ३१० मिलिमीटर, म्हणजे दोन्ही बाजूंनी एकेक मिलिमीटर बाहेर आलेला. जपानच्या काटो कंपनीच्या रुळांना टोकाशीच जोडणी असल्याने दोन खंड एकमेकांना भिडवून दाबले की मार्ग जुळतो, खिळा-बोल्ट लागत नाही. पायांची गरज नाही, शाळेचा बाक पुरतो. तिसरे नाव कार्ल अरेंड्ट या अमेरिकी छंदिष्टाचे. त्यांनी लेआउटसाठी चार चौरस फुटांची, म्हणजे सुमारे ०.३७ चौरस मीटरची मर्यादा सुचवली आणि २०११ साली मृत्यू येईपर्यंत जगभरातील अशा चिमुकल्या लेआउटांचे नमुने गोळा करून सर्वांसमोर ठेवले. त्यांतला सर्वांत सोपा प्रकार म्हणजे वर्तुळाकार रुळाचा: एन गेजचा १५० मिलिमीटर त्रिज्येचा रूळ घेतला, तर पुरा लेआउट मोठ्या परातीत बसतो.

परंतु गोल फिरणाऱ्या गाडीला एक मर्यादा आहे, आणि तिच्याविषयी छंदिष्टांमध्ये जुना वाद आहे. प्रेक्षक टेबलाशी आल्यावर काही क्षणांत गाडी हललेली दिसली नाही, तर तो पुढे सरकतो, म्हणून अखंड फिरणारी गाडी हवी, असे एक बाजू म्हणते. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की, फिरती गाडी पाहून लहान मूल आनंदते, पण दहा फेऱ्यांनंतर ना त्याला ना चालवणाऱ्याला तिच्यात काही उरते. दोन्ही म्हणणी खरी आहेत, आणि दुसरीचे उत्तर ब्रिटनमधील अ‍ॅलन राइट यांनी शोधलेल्या ‘इंगलनूक’ या कोड्यात सापडते. त्याची रचना अशी: एका रुळातून दोन सांध्यांनी (सांधा म्हणजे गाडीला एका मार्गावरून दुसऱ्यावर वळवणारी सरकती रुळजोडी) तीन फाटे निघतात, एका फाट्यावर पाच मालडबे मावतात, उरलेल्या दोहोंवर तीन-तीन, आणि पुढच्या रुळावर इंजिनासह फक्त तीन डबे उभे राहू शकतात. एकूण डबे आठ. आठ चिठ्ठ्यांमधून पाच काढायच्या आणि ज्या क्रमाने त्या निघाल्या, त्याच क्रमाने पाच डब्यांची गाडी लावायची, असा खेळ असतो. आठांमधून पाच डबे क्रमाने निवडण्याचे मार्ग ८ × ७ × ६ × ५ × ४, म्हणजे ६,७२० होतात, त्यामुळे तोच डाव पुन्हा येण्याची शक्यता नगण्य राहते. अकरावी-बारावीच्या गणितातील क्रमपर्याय हा धडा फळ्यावर जितका कोरडा वाटतो, तितका तो सव्वा मीटरच्या फळीवर वाटत नाही. आणि येथे नवागत प्रेक्षक राहत नाही, कारण नियंत्रक त्याच्याच हातात द्यावा लागतो. या साऱ्या प्रकरणात निर्णायक बाब असेल तर ती हीच आहे.

मुखेडला रेल्वे स्थानक नाही. नावाच्या सारखेपणामुळे परक्या माणसाच्या मनात त्याची गल्लत ज्या मुदखेडशी होते ते याच नांदेड जिल्ह्यातील जंक्शन आहे, मुखेडकराला मात्र गाडी पकडायची तर एसटीने नांदेड, उदगीर किंवा लातूर गाठावे लागते. फिरत्या लेआउटचे माप ठरवताना ही एसटी ध्यानात घेतलेली बरी, कारण मांडीवर किंवा दोन आसनांमध्ये उभी मावेल अशी पेटी म्हणजे साधारण नव्वद सेंटिमीटर लांब आणि तीस सेंटिमीटर रुंद. मध्ये बिजागरी लावून दुमडणारी फळी केली, तर उघडल्यावर हीच लांबी दुप्पट होते. इतक्या जागेत आजची ब्रॉडगेज दाखवणे कठीण आहे. भारतीय रेल्वेचा जुन्या धाटणीचा प्रवासी डबा २१ मीटरांहून लांब असल्याने १:८७ प्रमाणात तो जवळजवळ २५ सेंटिमीटर होतो, आणि नव्वद सेंटिमीटरची फळी चार डब्यांतच संपते. शिवाय १,६७६ मिलिमीटरची ब्रॉडगेज या प्रमाणात १९ मिलिमीटरांहून थोडी अधिक भरते, जिचे तयार रूळ बाजारात सहजी मिळत नाहीत; म्हणून भारतीय छंदिष्ट बहुधा १६.५ मिलिमीटरच्या परदेशी रुळांवरच भारतीय डबे चालवतात आणि गाडी मुळापेक्षा किंचित सडपातळ पायांवर उभी असल्याचे सोसतात.

या अडचणीवरचा उत्तम उतारा मात्र याच परिसराच्या इतिहासात आहे. बार्शी लाइट रेल्वे ही २ फूट ६ इंच, म्हणजे ७६२ मिलिमीटर गेजची रेल्वे १८९७ साली बार्शी रोड (आजचे कुर्डुवाडी) ते बार्शी या मार्गावर सुरू झाली, १९०६ मध्ये पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोहोचली. १९५४ साली ती सरकारने विकत घेतली, आणि ब्रॉडगेजमध्ये रूपांतर होईपर्यंत लातूरकरांच्या तीन पिढ्यांनी तिच्यातून प्रवास केला. तिचा शिल्पकार एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा विलक्षण माणूस होता. पुढे त्याने विमानातून उडी मारण्यासाठी ‘गार्डियन एंजल’ नावाची हवाईछत्रीही बनवली. त्याचा सिद्धान्त असा की, इंजिन असो वा मालडबा, प्रत्येक आसावरचे वजन पाच टनांपेक्षा अधिक जाऊ दिले नाही, तर हलक्या, स्वस्त रुळांवरही भरपूर माल व माणसे नेता येतात. अरुंद रेल्वेविषयी साशंक असलेल्या अभियंत्यांना हे कागदावर पटत नव्हते. म्हणून गाड्या भारतात रवाना होण्यापूर्वी त्याने इंग्लंडमधील लीड्सजवळ न्यूले येथे चाचणीचा छोटा मार्ग टाकला आणि जाणकारांना बोलावून गाडी चालवून दाखवली. मराठवाड्याच्या या रेल्वेची सुरुवातच अशी प्रात्यक्षिकातून झाली, हा योगायोग फिरत्या लेआउटच्या पुरस्कर्त्यांनी सोडू नये असा आहे.

७६२ भागिले ८७ म्हणजे ८.७६. याचा अर्थ १:८७ प्रमाणात बार्शी लाइटचा रूळ जवळजवळ ९ मिलिमीटरचा होतो, आणि ९ मिलिमीटरचा रूळ एन प्रमाणासाठी जगभर तयार मिळतो. तिचे सुमारे २५ फुटी मालडबे या प्रमाणात पावणेनऊ सेंटिमीटरांचे होतात, त्यामुळे आठ डब्यांचे इंगलनूक कोडे उघडलेल्या फळीवर ऐसपैस बसते. माणूस १९ मिलिमीटरांचा राहतो, म्हणजे त्याच्या डोक्यावरचा रुमाल आणि हातातली पिशवी रंगवता येते. पूर्ण वाढलेली उंच ज्वारी तीन सेंटिमीटरांपर्यंत जाते. कॅलथ्रॉपचे आठ जोडचाकांचे मूळ इंजिन हुबेहूब करणे नवख्याचे काम नव्हे. त्याऐवजी जपानी छोट्या इंजिनाचा मोटर-चाकांचा तयार सांगाडा घेऊन त्यावर पुठ्ठ्याची किंवा त्रिमितीय छपाईची काया चढवावी, ही जगभर रूढ असलेली वाट आहे. ज्या शाळांना अटल टिंकरिंग लॅब मिळाली आहे तेथे अशा छपाईचे यंत्र असते, आणि इंजिनाची काया हे त्याला चाव्यांच्या साखळीपेक्षा निश्चितच बरे काम आहे.

बांधणीचे साहित्य बहुतांशी गावातच मिळते. सहा ते नऊ मिलिमीटरचा प्लायवूड, खालून पातळ पट्ट्यांची चौकट आणि सर्व बाजूंनी रंगाचा हात, एवढे केले की मराठवाड्याच्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात फळी वाकण्याचा धोका बराच कमी होतो. थर्माकोलच्या सजावटीवर महाराष्ट्रात २०१८पासून बंदी असल्याने टेकडीसाठी जुन्या वर्तमानपत्रांचा लगदाच बरा, आणि तो स्वस्तही पडतो. पऱ्हाटीच्या वाळलेल्या फांद्यांची झाडे होतात, सुतारशाळेतला भुसा रंगवून गवत होते. जमीन मात्र खरी काळी मातीच हवी. ती वस्त्रगाळ करून पातळ फेविकॉलवर भुरभुरली की जो रंग साधतो, तो कोणत्याही परदेशी पुडीत नसतो. फक्त तिच्यातून आधी लोहचुंबक फिरवावा लागतो, कारण दख्खनच्या बेसाल्ट खडकात चुंबकीय लोहखनिज असते, त्याचे कण मातीत उतरतात आणि इंजिनाच्या मोटरमधील चुंबकाला चिकटून ती बंद पाडतात. विजेचा प्रश्न त्याहून सोपा आहे. अशी गाडी १२ व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर चालते, दोन रूळ म्हणजेच दोन तारा असतात, आणि त्यांची धन-ऋण टोके बदलली की गाडी उलटी जाते; त्यामुळे मोटारसायकलच्या बॅटरीवर दिवसभराचे प्रदर्शन निभावते आणि भारनियमनाची धास्ती उरत नाही. खरा शत्रू धूळ आहे. रुळावर धूळ आणि काळपट थर साचला की गाडी अडखळते, म्हणून अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या फडक्याने तासातासाला रूळ पुसणे हा प्रदर्शनाचा नित्यविधीच समजावा. अडखळणाऱ्या गाडीइतके नवागताला परतवून लावणारे दुसरे काही नाही.

मांडायचे कोठे, या प्रश्नाला मराठवाड्यात तयार उत्तरे आहेत. भाद्रपदात महालक्ष्म्यांपुढे आरास मांडण्याची आणि ती पाहायला घरोघर फिरण्याची रीत येथे आहे. पश्चिम महाराष्ट्रातील मुले दिवाळीत मातीचे किल्ले करतात, तोही प्रतिकृतीचाच संस्कार होय. देखावा हाताने करण्याची सवय ज्या समाजात जिवंत आहे, त्याला हा छंद परका वाटण्याचे कारण नाही, केवळ त्या देखाव्यात आजवर रूळ आले नव्हते. लोहा तालुक्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा, शाळांची विज्ञान प्रदर्शने, वाचनालयाचा वर्धापनदिन, अशा ठिकाणी एक बाक मिळाला तरी पुरे. परदेशी प्रदर्शनांत लेआउट प्रौढांच्या छातीच्या उंचीवर मांडतात, कारण तेथून गाडी डोळ्यांच्या रेषेत येऊन खरी भासते. येथे मुले अधिक असतील हे धरून तो पाऊण मीटरच्या आत ठेवावा आणि मोठ्यांनी वाकावे. पुढे काच लावण्याचा मोह टाळलेला बरा. चार माणसे मोडतील, डबे रुळावरून घसरतील, पण हात लावू न देणारा लेआउट पुन्हा संग्रहालयच बनतो.

कोड्याला गोष्ट जोडली की मोठी माणसेही थांबतात, आणि लातूर-नांदेडच्या माणसाला सांगण्याची गोष्ट नव्याने रचावी लागत नाही. एप्रिल २०१६ मध्ये दुष्काळाने कोरड्या पडलेल्या लातूरसाठी मिरजेहून पाण्याची गाडी निघाली. कोटा येथील कारखान्यात वाफेने धुऊन काढलेल्या टँकर डब्यांपैकी दहा डबे पहिल्या फेरीत होते, प्रत्येकात सुमारे ५० हजार लिटर, म्हणजे एकूण पाच लाख लिटर पाणी. १२ एप्रिलला ती लातुरात पोहोचली, पुढे पन्नास डब्यांच्या फेऱ्या झाल्या आणि ‘जलदूत’ हे तिचे नाव देशभर गेले. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, लातूर हा तिचा मार्ग म्हणजे बव्हंशी बार्शी लाइटचाच रूपांतरित मार्ग होता. तीन फाट्यांपैकी एक भरलेल्या टँकरांचा, एक रिकाम्यांचा आणि एक मालधक्क्याचा केला, तर आठ डब्यांचे अमूर्त कोडे पाणी वेळेत उतरवून घेण्याचे काम बनते, आणि ज्याने त्या उन्हाळ्यात घागर घेऊन रांग लावली आहे, त्याला नियंत्रक हातात घ्यायला दुसऱ्यांदा सांगावे लागणार नाही.

प्रदर्शनात रस घेतलेल्या माणसाला पुढची पायरी त्याच दिवशी दाखवली नाही, तर तो हरवतो, हे मात्र या चळवळीच्या पुरस्कर्त्यांनी अनेकदा दुर्लक्षिलेले सत्य आहे. संपूर्ण लेआउट बांधण्याचा सल्ला त्याला घाबरवतो. टी-ट्रॅकचा ३०८ मिलिमीटरचा एक कोरा खंड आणि त्यावर बसणारा रूळ हातात दिला, तर काम एका सुटीत मावते आणि पुढच्या भेटीचे निमित्तही ठरते. इंजिन त्याने लगेच घेण्याची गरज नसते, कारण खंड जोडल्यावर गाडी कोणाची तरी असतेच, आणि आयात इंजिनांच्या किमती पाहता ही सवलत लहान नाही. येथे ९ मिलिमीटरचे गेज पुन्हा उपयोगी पडते: उदगीरच्या मुलाने १:१६० प्रमाणात जलदूतची ब्रॉडगेज करावी, मुखेडच्या मुलीने १:८७ प्रमाणात बार्शी लाइट, दोन्हींचे रूळ एकमेकांना जुळतील. एका खंडावरचा माणूस दुसऱ्यावरच्या माणसाच्या जवळजवळ दुप्पट दिसेल, तेव्हा असे खंड शेजारी न ठेवता मध्ये माणसे-घरे नसलेला, नुसत्या शेताचा किंवा डोंगरकड्याचा खंड घालावा. टी-ट्रॅकच्या प्रचलित संकेतात दोन समांतर रुळांच्या मध्यरेषा ३३ मिलिमीटर अंतरावर असतात. काही देशांत ते अंतर २५ मिलिमीटर धरतात आणि दिसायला ते अधिक खरे वाटते. बार्शी लाइटचे डबे मात्र रुळांच्या मानाने अंगाने रुंद, १:८७ मध्ये २५ मिलिमीटर आणि त्याहून अधिक भरणारे, त्यामुळे आजूबाजूने जाणाऱ्या दोन गाड्या २५ मिलिमीटरच्या अंतरात एकमेकींना घासतील. नांदेड-लातूरच्या मंडळींनी पहिला खंड कापण्यापूर्वी ३३ मिलिमीटरच ठरवून घेतलेले बरे.